‘त्याला सांगितलं’, ‘तिला विचारलं’, ‘मला म्हणाला’: स्पॅनिशमध्ये ‘ले’ आणि ‘से लो’ न चुकता वापरायची पद्धत

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाच्या वहीत तीन वाक्यं हमखास सापडतात. ‘लो दीहे के बेनीआ’ (म्हणायचं असतं ‘त्याला सांगितलं की येतोय’), ‘दीहे आ एल’ (‘त्याला सांगितलं’) आणि ‘ले लो दीहे’ (‘त्याला ते सांगितलं’). तिन्ही चूक. पहिल्यात सर्वनाम चुकलंय, दुसऱ्यात ते गाळलंय, तिसऱ्यात दोन सर्वनामं नियम न पाळता शेजारी बसवलीयत. व्याकरणाचा तक्ता पाठ असलेलेही या तीन जागी घसरतात, कारण तक्ता पाठ असला तरी वाक्य जुळवायचा क्रम चुकलेला असतो. बहुतेक जण आधी क्रियापद उच्चारतात आणि मग ‘त्याला’ कुठे घालायचं याचा विचार करतात. स्पॅनिशमध्ये ‘त्याला’ बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी येतं, म्हणून तोवर उशीर झालेला असतो.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. शेवटी एक छोटा उतारा सोडवून दाखवला आहे.

## तयारी: लिपी आणि क्रियापदं

उच्चार इथे लॅटिन अमेरिकेच्या धाटणीने लिहिले आहेत. म्हणजे ‘सांगणे’ हे क्रियापद ‘देसीर’. स्पेनच्या बऱ्याच भागात त्यातला ‘स’ जीभ दातांत धरून ‘थ’सारखा ऐकू येईल. ‘दीहे’मधला ‘ह’ स्पेनमध्ये घशातून खरखरीत निघतो. दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ दिसेल तिथे आघात आहे असं समजा. बाकीच्या स्वरांवरचा आघात देवनागरीत दिसत नाही, म्हणून गरज पडेल तिथे तो वेगळा सांगितला आहे.

आता क्रियापदं. ती सुटी पाठ करू नका. ‘देसीर म्हणजे सांगणे’ एवढंच लिहून ठेवलं तर पुढे त्रास होतो. ‘देसीर्ले आल्गो आ आल्गिएन’ असं लिहा, म्हणजे ‘कोणाला तरी काहीतरी सांगणे’. त्या शब्दांतच ऐकणारा आणि सांगायची गोष्ट, दोघांची जागा राखलेली आहे.

- देसीर: सांगणे आणि म्हणणे, दोन्ही
- कोन्तार: हकिगत, किस्सा, गुपित सांगणे
- एक्स्प्लिकार: समजावून सांगणे
- प्रेगुन्तार: विचारणे
- पेदीर: मागणे, विनंती करणे
- कोन्तेस्तार, रेस्पोन्देर: उत्तर देणे
- एस्क्रिबीर: पत्राने किंवा मेसेजने कळवणे
- आबिसार: कळवणे, आगाऊ सूचना देणे
- प्रोमेतेर: वचन देणे
- आकोन्सेहार: सल्ला देणे
- मेन्तीर: खोटं बोलणे

यातल्या दोन क्रियापदांजवळ लाल खूण करून ठेवा, कारण तिथे मराठीतला प्रत्यय दगा देतो. आपण ‘त्याच्याकडे पैसे मागितले’ म्हणतो. ‘कडे’ ऐकून विद्यार्थी ‘पेदी दिनेरो दे एल’ असं काहीतरी रचतात. बरोबर वाक्य ‘ले पेदी दिनेरो’. तसंच ‘माझ्याशी खोटं बोलला’ याचं ‘मिन्तिओ कोनमीगो’ होत नाही, ‘मे मिन्तिओ’ होतं. स्पॅनिशच्या हिशेबी ज्याच्याकडे मागितलं तोही ‘ले’ आणि ज्याच्याशी खोटं बोललं तोही ‘ले’.

उलट ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. इथे आपला ‘शी’ नीट जुळतो: ‘आईशी बोललो’ म्हणजे ‘आब्ले कोन मि माद्रे’. म्हणूनच हे क्रियापद वरच्या यादीत नाही.

इशारा: ‘विचारणे’ आणि ‘मागणे’ यांत मराठी माणसाचा गोंधळ व्हायचं काहीच कारण नाही, आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत. तरी तो होतो, कारण आपण बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजी पुस्तकातून शिकतो आणि इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. इथे इंग्रजी बाजूला ठेवा. विचारलं तर ‘प्रेगुन्तार’, मागितलं तर ‘पेदीर’. हॉटेलात बिल विचारत नाहीत, मागतात: ‘ले पेदी ला क्वेन्ता आल कामारेरो’.

## टप्पा १: ‘ला’ कुठला आहे ते ओळखा

मराठीत ‘मी तिला पाहिलं’ आणि ‘मी तिला सांगितलं’ यांत ‘तिला’ अगदी सारखं दिसतं. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘ला बी’ आणि दुसरं ‘ले दीहे’. पहिल्यात ती प्रत्यक्ष कर्म आहे, म्हणजे पाहण्याची क्रिया थेट तिच्यावर होते. दुसऱ्यात प्रत्यक्ष कर्म म्हणजे सांगितलेली गोष्ट, आणि ती ऐकणारी म्हणजे अप्रत्यक्ष कर्म.

व्याख्या घोकण्यापेक्षा ही कसोटी वापरा. मराठी वाक्यात ‘काहीतरी’ घालून बघा.

- ‘तिला काहीतरी सांगितलं’: जमतं. म्हणून ‘ले’.
- ‘तिला काहीतरी विचारलं’: जमतं. ‘ले’.
- ‘तिला काहीतरी पाहिलं’: जमत नाही. म्हणून ‘ला’.
- ‘तिला काहीतरी ओळखलं’: जमत नाही. ‘ला’.
- ‘तिला काहीतरी फोन केला’: जमत नाही. ‘ला’.

शेवटचं उदाहरण रोजच्या कामाचं आहे. ‘तिला फोन केला आणि सांगितलं’ या एका वाक्यात स्पॅनिशला दोन वेगळी सर्वनामं लागतात: ‘ला यामे इ ले दीहे’. माणूस तोच, पण पहिल्या क्रियापदाला ‘ला’ आणि दुसऱ्याला ‘ले’. हे वाक्य जिभेवर बसेपर्यंत म्हणा. पुरुषासाठी ‘लो यामे इ ले दीहे’.

एक क्रियापद या कसोटीला चकवतं. ‘तिला काहीतरी मदत केली’ असं आपण म्हणतो, पण ‘आयुदार’ला बऱ्याच ठिकाणी ‘लो/ला’ लागतं. ते सांगण्याचं क्रियापद नाही, तेव्हा इथे सोडून देऊ.

आणि स्पॅनिश ‘ला’चा आपल्या ‘तिला’तल्या ‘ला’शी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘ला दीहे’ लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यात ते जुळलेलं असतं.

इशारा: माद्रिद किंवा बायादोलिदकडचा कोणी ‘ला दीहे के...’ असं म्हणताना ऐकलंत तर तुमचा नियम चुकला असं समजू नका. स्पेनच्या त्या पट्ट्यात बाईला उद्देशून ‘ले’ऐवजी ‘ला’ वापरायची सवय आहे, त्याला ‘लाईस्मो’ म्हणतात. स्पॅनिश भाषेची अकादमी ते प्रमाण मानत नाही. याच अकादमीने ‘त्याला पाहिलं’साठी ‘ले बी’ मात्र एका पुरुषापुरतं चालवून घेतलं आहे. शिकताना दोन्हीपासून लांब राहा. आधी शुद्ध जोडी पक्की करा: सांगितलं तर ‘ले’, पाहिलं तर ‘लो’ किंवा ‘ला’.

## टप्पा २: ऐकणाऱ्याचं सर्वनाम निवडा

यादी लहान आहे.

- मला: मे
- तुला: ते
- त्याला, तिला, (एका) तुम्हाला: ले
- आम्हाला, आपल्याला: नोस
- तुम्हाला, अनेक मित्रांना, फक्त स्पेनमध्ये: ओस
- त्यांना, (अनेक) तुम्हाला: लेस

‘ले’ला लिंग नाही. तो, ती, मॅनेजर, डॉक्टरीणबाई, सगळ्यांना ‘ले’. इथे मराठीपेक्षा काम सोपं आहे.

अवघड आहे ते ‘तुम्हाला’. मराठीत सासऱ्यांनाही ‘तुम्हाला’ आणि वर्गातल्या वीस पोरांनाही ‘तुम्हाला’. स्पॅनिशमध्ये बोलण्याआधी समोर एक आहे की अनेक हे मोजावं लागतं. एका आदरणीय माणसाला ‘ले दीगो’. वीस पोरांना मेक्सिकोत ‘लेस दीगो’, माद्रिदमध्ये ‘ओस दीगो’. आर्हेन्तिनात ‘तू’साठी ‘बोस’ म्हणतात, पण सर्वनाम ‘ते’च राहतं: ‘ते दीगो’.

तपासा: आदरार्थी एकवचनाला ‘लेस’ लावलंत का? मराठी सवयीने आदर आला की अनेकवचन येतं. स्पॅनिशमध्ये येत नाही.

## टप्पा ३: क्रियापदाचं रूप कर्त्यावरून घ्या

हा टप्पा पुस्तकांत वेगळा दिलेला नसतो, पण मराठी माणसाला तो लागतो. भूतकाळात आपलं क्रियापद सांगितलेल्या गोष्टीप्रमाणे फिरतं: मी विनोद सांगितला, मी गोष्ट सांगितली, मी गुपित सांगितलं. कोणी सांगितलं ते ‘मी’, ‘त्याने’, ‘तिने’वरून कळतं. स्पॅनिशमध्ये गोष्ट काहीही असो, मी सांगितलं तर ‘कोन्ते’ आणि त्याने किंवा तिने सांगितलं तर ‘कोन्तो’, दोन्हींत आघात शेवटच्या अक्षरावर. कर्ता बहुधा उच्चारतही नाहीत. म्हणजे कोणी सांगितलं ते फक्त क्रियापदाच्या शेपटातून कळतं आणि कोणाला सांगितलं ते पुढच्या छोट्या सर्वनामातून.

‘देसीर’चा भूतकाळ अनियमित आहे. तो पाठच करावा लागतो:

दीहे (मी), दिहीस्ते (तू), दीहो (तो, ती, आदरार्थी तुम्ही), दिहीमोस (आम्ही), दिहीस्तेइस (तुम्ही, स्पेन), दिहेरोन (ते, अनेक तुम्ही).

शेवटचं रूप ‘दिहेरोन’ आहे, ‘दिहिएरोन’ नाही. इतर क्रियापदांच्या वळणाने हा जास्तीचा ‘इ’ घुसतो.

आता उलटसुलट सराव. ‘मी त्याला सांगितलं’ म्हणजे ‘ले दीहे’. ‘त्याने मला सांगितलं’ म्हणजे ‘मे दीहो’. ‘तू मला सांगितलंस’ म्हणजे ‘मे दिहीस्ते’. ‘त्यांनी आम्हाला सांगितलं’ म्हणजे ‘नोस दिहेरोन’. ‘मे दीहे’ असं तोंडातून गेलं तर त्याचा अर्थ ‘मी मनाशी म्हटलं’. वाक्य चूक नाही, पण तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं.

## टप्पा ४: सर्वनामाची जागा

नियम एका दमात सांगता येतो. काळ आणि कर्ता दाखवणारं क्रियापद असेल तर सर्वनाम त्याच्या आधी, सुटं. मूळ रूप (‘देसीर’), ‘-न्दो’ रूप (‘दिसिएन्दो’, म्हणजे ‘सांगत’) किंवा होकारार्थी आज्ञा असेल तर शेवटी, चिकटून.

- मी तुला सांगतो: ते दीगो
- तुला सांगितलेलं आहे: ते ए दीचो
- तुला काहीतरी सांगायचंय: किएरो देसीर्ते आल्गो, किंवा ते किएरो देसीर आल्गो
- तिला सांगतोय: एस्तोय दिसिएन्दोले, किंवा ले एस्तोय दिसिएन्दो
- मला काही न सांगता निघून गेला: से फुए सिन देसीर्मे नादा

दोन क्रियापदं असतील तर दोन जागा मोकळ्या असतात, अगदी पुढे किंवा अगदी मागे. मधोमध मात्र नाही. ‘किएरो ते देसीर’ चूक. ‘ए ते दीचो’ चूक. ‘ए दीचोते’ही चूक, कारण ‘दीचो’ हे मूळ रूपही नाही आणि ‘-न्दो’ रूपही नाही, त्याला मागची जागा मिळत नाही.

गोव्यात घरी पोर्तुगीज कानावर पडलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं. युरोपीय पोर्तुगीजमध्ये साध्या होकारार्थी वाक्यातही सर्वनाम क्रियापदाच्या मागे जोडतात. स्पॅनिशमध्ये तसं केलं की वाक्य शे-दोनशे वर्षं जुन्या पुस्तकातलं वाटतं.

नकार आणि सर्वनामाचा क्रम: ‘नो’, मग सर्वनाम, मग क्रियापद. ‘नो ले दीहे’. ‘ले नो दीहे’ कधीच नाही.

तपासा: लिहून झाल्यावर प्रत्येक ‘मे, ते, ले, नोस, लेस’वर बोट ठेवा. त्याच्या लगेच पुढे किंवा लगेच मागे क्रियापद आहे ना? मध्ये दुसरं सर्वनाम चालेल, दुसरं काहीही चालणार नाही.

## टप्पा ५: नाव घेतलं तरी ‘ले’ ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्याचं कारण सरळ आहे. मराठीत ‘आईला सांगितलं’ म्हटल्यावर ‘तिला’ पुन्हा कशाला? स्पॅनिशमध्ये मात्र नेहमीच्या बोलण्यात दोन्ही येतात: ‘ले दीहे आ मि माद्रे’. शब्दशः घेतलं तर ‘तिला सांगितलं आईला’. आपल्या कानाला जास्तीचं वाटतं, त्यांच्या कानाला ‘ले’शिवाय वाक्य उघडं पडतं.

इथे तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

‘आ’नंतर सर्वनाम असेल (आ मी, आ ती, आ एल, आ एया, आ उस्तेद) तर दुहेरी उल्लेख सक्तीचा. ‘दीहे आ एल’ चूक, ‘ले दीहे आ एल’ बरोबर. ‘मला नाही काही सांगितलं’ असं ‘मला’वर जोर देऊन म्हणायचं तर ‘आ मी नो मे दीहो नादा’.

‘आ’नंतर माणसाचं नाव किंवा नातं असेल तर बोलताना आणि रोजच्या लिहिण्यात ‘ले’ ठेवाच. ‘ले प्रेगुन्ते आ मि एर्मानो’, ‘लेस एक्स्प्लिके एल प्रोब्लेमा आ मिस आलुम्नोस’.

बातमीच्या भाषेत ‘ले’ गाळलेलं दिसतं: ‘एल मिनीस्त्रो दीहो आ लोस पेरिओदीस्तास के...’, म्हणजे मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की. ते औपचारिक लेखी वळण आहे. पेपर वाचून शिकणारे हेच बोलण्यात आणतात आणि चहा पितानाही निवेदन वाचल्यासारखे बोलतात.

अनेकांना सांगितलं असेल तर ‘लेस’. ‘ले दीहे आ मिस आमीगोस’ असं स्पॅनिश लोकांच्याच तोंडून सर्रास ऐकू येईल. लिहिताना तरी ‘लेस दीहे आ मिस आमीगोस’ लिहा.

इशारा: क्रियापदानंतर नाव किंवा नातं येतं तेव्हा हा दुहेरीपणा फक्त अप्रत्यक्ष कर्मासाठी. ‘बहिणीला फोन केला’ याचं प्रमाण रूप ‘यामे आ मि एर्माना’, पुढे ‘ला’ नाही. एकदा ‘ले दीहे आ’ अंगवळणी पडलं की लोक सगळीकडे सर्वनाम पेरू लागतात.

छोटी पण दिसणारी चूक: ‘आ’ आणि पुल्लिंगी ‘एल’ हे उपपद एकत्र आले की ‘आल’ होतं: ‘ले दीहे आल प्रोफेसोर’. पण ‘त्याला’ या अर्थाचा ‘एल’ तसा मिसळत नाही: ‘ले दीहे आ एल’.

## टप्पा ६: सांगितलेली गोष्टही सर्वनामात: ‘मे लो’, ‘से लो’

कोणी विचारलं, ‘आना लग्न करतेय, माहितीये?’ आपण म्हणतो, ‘हो, सांगितलं तिने.’ काय सांगितलं आणि कोणाला, दोन्ही गाळून चालतं. स्पॅनिशमध्ये उत्तर ‘सी, मे लो दीहो’. ‘लो’ म्हणजे ‘ते’, वर बोललेली ती सगळी गोष्ट. नुसतं ‘सी, मे दीहो’ म्हटलं तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ‘सांगितलं होतं ना!’ हा आपला ठेवणीतला टोमणाही तिकडे ‘ते लो दीहे!’ असाच, ‘लो’सकट. हजार वेळा सांगितलं? ‘ते लो ए दीचो मिल बेसेस’.

क्रम ठरलेला आहे. आधी माणूस, मग गोष्ट. ‘मे लो’, ‘ते लो’, ‘नोस लो’. ‘लो मे’ कधीच नाही.

आता मुख्य गाठ. ‘ले’ किंवा ‘लेस’च्या पुढे ‘लो, ला, लोस, लास’पैकी काहीही आलं की ‘ले’चा ‘से’ होतो. ‘ले लो दीहे’ नाही, ‘से लो दीहे’. याला अपवाद नाही.

गोष्टीचं लिंग-वचन पाहा, माणसाचं नाही:

- खरं (ला बेर्दाद, स्त्रीलिंगी) त्याला सांगितलं: से ला दीहे
- गुपित (एल सेक्रेतो) तिला सांगितलं: से लो कोन्ते
- बातम्या (लास नोतीसियास) त्यांना सांगितल्या: से लास कोन्ते
- अडचण (एल प्रोब्लेमा) तिला समजावली: से लो एक्स्प्लिके

शेवटच्या उदाहरणात दोन सापळे आहेत. ‘प्रोब्लेमा’ आकारान्त असूनही पुल्लिंगी, आणि मराठीतली ‘अडचण’ स्त्रीलिंगी. दोन्हीकडून ‘ला’ची ओढ असते. ‘लो’च ठेवा. ‘के...’ने सुरू होणारं अख्खं वाक्य सर्वनामात आणायचं असेल तर नेहमी ‘लो’.

‘से’मध्ये त्याला, तिला, तुम्हाला, त्यांना, सगळेच लपतात. संदर्भातून कळत नसेल तर शेवटी जोडा: ‘से लो दीहे आ एया’, ‘से लो दीहे आ एयोस’. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘त्यांना ते सांगितलं’साठी ‘से लोस दीहे’ ऐकाल. गोष्ट एकच असते, ‘से’मध्ये न दिसणारं माणसांचं अनेकवचन लोक ‘लो’वर चिकटवतात. कळलं म्हणजे पुरे. परीक्षेत ‘से लो दीहे’ लिहा.

इशारा: ‘से दीसे के...’ म्हणजे ‘असं म्हणतात की’. ‘कोमो से दीसे...?’ म्हणजे ‘...ला काय म्हणतात?’ हा ‘से’ वेगळा. त्यात कोणी ऐकणारा दडलेला नाही, त्याला शोधत बसू नका.

## टप्पा ७: पुढचं वाक्य जोडा

‘तो म्हणाला, येतो उद्या’ असं आपण ‘की’शिवाय सहज बोलतो. स्पॅनिशमध्ये ‘के’ गाळू नका: ‘मे दीहो के बेनीआ मान्याना’.

दुसरी अडचण ‘मी’ची. ‘त्याने मला सांगितलं की मी येतो’ हे मराठीत चालतं आणि येणारा ‘तो’ आहे हे आपल्याला कळतं. स्पॅनिशमध्ये ‘के’च्या पुढचा कर्ता बोलणाऱ्याच्या जागेवरून मोजतात. म्हणून ‘तो येतो’ असंच रचायचं.

तिसरी गोष्ट मात्र मराठी माणसाला फुकट मिळाली आहे, ती वापरा. ‘त्याला सांगितलं की आना येतेय’ आणि ‘त्याला यायला सांगितलं’ यांत पहिली माहिती, दुसरा हुकूम. आपण दुसऱ्यासाठी ‘-यायला’ वापरतो. जिथे जिथे मराठीत ‘-यायला सांगितलं’, ‘ये म्हटलं’ किंवा ‘येऊ नको म्हटलं’ बसतं, तिथे स्पॅनिशमध्ये ‘के’च्या पुढे सबजंक्टिव्ह, म्हणजे हुकूम, इच्छा वगैरेंसाठी क्रियापदाचं वेगळं रूप.

- आना येतेय असं त्याला सांग: दीले के बिएने आना
- त्याला यायला सांग: दीले के बेन्गा
- मी त्याला सांगितलं, आना येत होती: ले दीहे के बेनीआ आना
- मी त्याला यायला सांगितलं: ले दीहे के बिनिएरा
- मी तिला मदत करायला सांगितलं (विनंती): ले पेदी के मे आयुदारा

‘पेदीर’च्या मागे ‘के’ आला की सबजंक्टिव्ह नक्की, तिथे विचारही करू नका. ‘देसीर’च्या मागे मात्र दर वेळी माहिती की हुकूम हे ठरवा.

‘येतोस का’ असं विचारलं तर ‘सि’: ‘ले प्रेगुन्ते सि बेनीआ’. हा ‘सि’ लिहिताना आघातचिन्हाशिवाय. चिन्ह दिलं की त्याचा ‘हो’ होतो.

## टप्पा ८: आज्ञा

होकारार्थी आज्ञेत सर्वनाम मागे चिकटतं. दीमे (मला सांग), दीले (त्याला सांग), क्वेन्तामे (मला हकिगत सांग), एक्स्प्लीकामे, प्रेगून्ताले. आर्हेन्तिनात ‘देसीमे’, ‘कोन्तामे’. नकारात ते पुन्हा पुढे येतं: ‘नो मे दीगास’, ‘नो ले दीगास नादा’.

‘नो मे दीगास!’ हे आपल्या ‘काय सांगतोस!’च्या जागी अगदी तसंच वापरतात, तेव्हा एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी नकारार्थी आज्ञेतली जागा विसरत नाही. आणि स्पेनमध्ये फोन उचलून ‘दीगामे’ म्हणतात, म्हणजे ‘बोला’. चिकटलेला ‘मे’ ओळखायला तो सोपा नमुना.

दोन्ही सर्वनामं चिकटली तर दीमेलो, दीसेलो, क्वेन्तामेलो. लिहिताना आघात मूळ अक्षरावरच राहतो. तो शेवटून तिसऱ्या किंवा त्याआधीच्या अक्षरावर गेला की वर तिरकी रेघ द्यावीच लागते. म्हणून ‘दीमे’ आणि ‘दीले’वर रेघ नाही, ‘दीमेलो’, ‘दीसेलो’, ‘क्वेन्तामे’, ‘देसीर्सेलो’, ‘दिसिएन्दोले’वर आहे. मोबाइलवर लिहिताना अक्षर दाबून धरलं की रेघेचा पर्याय येतो. कंटाळा करू नका, परीक्षक हीच रेघ आधी शोधतात.

## सोडवलेला उतारा

मराठी: काल बहिणीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आईला सांगू नकोस. मी विचारलं, का? तिने सांगितलं नाही. मग मी आईला सांगून टाकलं.

स्पॅनिश: आयेर यामे आ मि एर्माना. ले कोन्ते तोदो. मे दीहो के नो से लो कोन्तारा आ मामा. ले प्रेगुन्ते पोर के. नो मे लो दीहो. एन्तोन्सेस से लो कोन्ते आ मामा.

आता एकेक वाक्य झाकून कारण सांगा, मग खाली पाहा.

पहिल्यात फोन केलाय, काही सांगितलेलं नाही, म्हणून ‘ले’ नाही. आणि प्रत्यक्ष कर्माचं नाव पुढे असल्याने ‘ला’ही नाही. दुसऱ्यात हकिगत आहे, म्हणून ‘देसीर’ऐवजी ‘कोन्तार’ आणि ऐकणारी बहीण ‘ले’.

तिसरं सगळ्यात भरगच्च. मराठीत नुसतं ‘ती म्हणाली’, पण ऐकणारा मी आहे, म्हणून ‘मे दीहो’. ‘सांगू नकोस’ हा हुकूम, म्हणून ‘कोन्तारा’. काय सांगू नको? ते सगळं, म्हणून ‘लो’. कोणाला? आईला, म्हणजे ‘ले’, पण पुढे ‘लो’ असल्याने ‘से’. आईचं नाव शेवटी आलं तरी ‘से’ राहिला. इथे ‘ले कोन्तारा आ मामा’ एवढंच लिहिणारे बरेच असतात. त्यांनी सहावा टप्पा पुन्हा करावा.

चौथ्यात मराठी वाक्यात ‘तिला’ नाहीच, तरी ‘ले’ हवं. पाचव्यात मराठी ‘सांगितलं नाही’त माणूसही नाही आणि गोष्टही नाही, स्पॅनिशला दोन्ही लागतात: ‘मे लो’. शेवटच्यात ‘दीहे’ घातलं तरी वाक्य शुद्ध आहे, पण सगळी हकिगत ओतली असेल तर ‘कोन्ते’ बरं.

सरावासाठी याच उताऱ्यात बहिणीच्या जागी दोन भाऊ घाला आणि सगळं पुन्हा लिहा. ‘मिस एर्मानोस’, ‘लेस कोन्ते’, ‘मे दिहेरोन’, ‘लेस प्रेगुन्ते’ आणि ‘नो मे लो दिहेरोन’ असे बदल होतील. ‘से लो’ दोन्ही ठिकाणी तसाच राहील, कारण तो आईचा आहे.